क्लोनझिला वापरून बघितलं: पत्रिकांच्या जुन्या मशीनवर

नाशिकला मखमलाबाद नाक्याजवळ घरीच माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची कार्डं. कॉम्प्युटर 2012 चा. रॅम चार जीबी, हार्ड डिस्क 500 ची, वर विंडोज 10. त्याचा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला आणि विंडोज 11 ला हा प्रोसेसर चालत नाही. तरी मशीन बदलता येत नाही, कारण कोरल आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या सीड्या घर बदलताना कुठेतरी गेल्या. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची किल्ली, आहे, सीडी नाही. पत्रिकांच्या फायली दहा पेनड्राइव्हवर ठेवल्या तरी डिस्क बसली तर त्या उघडायच्या कशात?

तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं आणि डिस्क टकटक करायला लागली. पुण्याहून लेक म्हणाला, "आई, फायलींचं सोड, अख्खी डिस्कच उचलून ठेव." त्याने नाव सुचवलं ते क्लोनझिला. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणक केंद्रातल्या लोकांनी बनवलेलं, पूर्ण फुकट. ते विंडोजमध्ये टाकायचंच नसतं. रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवायचं आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं.

दिसायला अगदी रुक्ष. माउस चालत नाही, बाणाच्या कळांनी वर-खाली करायचं. भाषांच्या यादीत जपानी आहे, कोरियन आहे, मराठी नाही. पुढे डिस्कची नावं येतात ती एसडीए, एसडीबी अशी. एका डिस्कवरून थेट दुसरीवर उतरवताना इथे चूक झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत चांगल्या डिस्कवर बसेल आणि सगळं संपेल. मी आधीच मशीनमधल्या आणि प्रत ठेवायच्या बाहेरच्या, अशा दोन्ही डिस्कवरचे मॉडेल नंबर आणि आकार पत्रिकेच्या कोऱ्या पाकिटावर लिहून घेतले होते, ते पडद्याशी धरून ताडले. तेवढं करा, मगच एंटर दाबा.

पहिल्या दिवशी त्याने प्रत घ्यायलाच नकार दिला. तासभर मी केबल हलवत बसले. दोष माझा होता. विंडोज 10 'शट डाउन' केलं तरी पुरतं बंद होत नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपून राहतं. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा झोपलेल्या डिस्कला क्लोनझिला हात लावत नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं, की गडी खरंच बंद होतो. मग सुरळीत चाललं.

डिस्क 500 ची, पण भरलेली 140 जीबी. क्लोनझिला भरलेला भागच उचलतं आणि दाबून ठेवतं, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर 90 जीबीच्या आत काम झालं. यूएसबी जुनं, म्हणून सव्वादोन तास लागले. वर प्रत धड आहे का ते तपासायला आणखी पाऊण तास. तपासणी टाळायची सोय आहे, टाळू नका. एक गंमत: मदरबोर्डावरचा तारीख-वेळ सांभाळणारा सेल मेलेला, त्यामुळे क्लोनझिलाने आपणहून दिलेल्या नावात तारीख 2009 ची! नाव स्वतःच्या हाताने टाकलं. 2032 नंबरचा सेल दुसऱ्या दिवशी बसवला.

आता खरी परीक्षा. होळकर पूल ओलांडून एम. जी. रोडला एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, 480 ची घ्या, सारखीच असते." घेतली. घरी क्लोनझिलाने सांगितलं, ही जागा लहान आहे, चालणार नाही. आत माल 140 चाच आहे हे त्याच्या गणतीत नाही. मूळ डिस्कचे कप्पे (पार्टिशन) जिथपर्यंत आखलेले, तिथपर्यंत जागा हवी. कप्पे आधी आकसून घेता येतात म्हणे, पण खडखडणाऱ्या डिस्कवर तो उद्योग करायची छाती झाली नाही. पुन्हा रिक्षा, पुन्हा दुकान, वरचे पैसे देऊन 500 ची.

परत चढवताना ते दोनदा विचारतं, खरंच पुसू का? दुसऱ्यांदा 'वाय' दाबताना माझा अंगठा थरथरला. जुनी डिस्क मात्र आधीच काढून बाजूला ठेवली होती, म्हणून धीर होता. तासाभराने पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. तोच गणपतीचा वॉलपेपर, डेस्कटॉपवर तोच पसारा. डोंगलचा दिवा लागला, कोरल उघडलं, 2016 ची एक पत्रिका काढली, 'चि. सौ. कां.' जागच्या जागी. विंडोजने नवा परवाना मागितला नाही. मशीन सुरू व्हायला पूर्वी चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा, आता गॅस पेटवेपर्यंत होतं.

तक्रारी आहेत. प्रतीतून एखादीच फाइल काढायची तर सोपा मार्ग नाही, म्हणून फायली मी वेगळ्याही कॉपी करते. प्रत घेताना मशीन अडकून पडतं. ज्यांना ही निळी-करडी पाटी बघून धडकी भरते त्यांनी रेस्क्यूझिला घ्यावं. त्यात माउस चालतो आणि क्लोनझिलाच्या प्रतीही उघडतात. पाचपैकी चार तारे.

आता दर अमावास्येला नवी प्रत घेते. त्या दिवशी पत्रिकेची ऑर्डर द्यायला कोणी येत नाही.