टॅबला भुवया नसतात

गेल्या महिन्यात बडोद्यातल्या एका खासगी रुग्णालयात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीचं. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते ऑपरेशनआधी तब्येतीचे प्रश्न विचारणाऱ्या टॅबबद्दल. भूलतज्ज्ञांकडे पाठवण्यापूर्वी काउंटरवरची मुलगी तो हातात देते, "बा, आटलुं भरी आपो ने."

चाळीसेक प्रश्न. गुजराती, हिंदी, इंग्रजी, मराठी नाही. दांडिया बाजारात अख्खा जन्म गेला, त्यामुळे गुजरातीत काही अडलं नाही. न थांबता दोन जिने चढता का? आमच्या वाड्यात जिना एकच, पण असा उभा की दोनांना भारी. 'हो' दाबलं. झोपेत घोरता का? आता हे झोपणाऱ्यालाच विचारायचं!

मग तंबाखू. मी तीस वर्षं दाताला तपकीर लावते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी साफ नाही म्हटलं. इथे सून शेजारीच होती, पण मोबाइलमध्ये डोकं घालून. मी गुपचूप 'रोज' दाबलं. डॉक्टरांच्या भुवया वर जातात, याला भुवयाच नाहीत.

माझ्यासारख्या बऱ्याच असणार. अमेरिकेत डॉ. वॉर्नर स्लॅक यांनी १९६६ सालीच संगणकाकडून रुग्णांची माहिती विचारून घेतली होती, आणि लोकांनी ती खुशीने दिली होती. म्हणजे खूळ नवं नाही, आपल्याकडे उशिरा आलं इतकंच.

भूलतज्ज्ञबाईंनी सगळं पुन्हा विचारलं नाही. तपकीर, ॲस्पिरिनची गोळी आणि हलणारी दाढ, एवढंच धरून बसल्या. घशात नळी घालताना दाढ निसटली तर पंचाईत, म्हणाल्या. खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, हेही नीट समजावलं.

पण गुडघ्यांसाठी घेते तो गुग्गुळ टॅबवर लिहायला जागाच नव्हती. तोंडी सांगितला, तेव्हा बाईंनी लगेच बंद करायला लावला. मी विसरले असते तर? शिवाय चुकून दाबलेलं मागे जाऊन सुधारता येत नाही.

पाचपैकी तीन तारे. चौथा दिला असता, पण त्या मुलीने उत्तरांचा छापील कागद माझ्याऐवजी सुनेच्या हातात दिला. रिक्षात ती अवाक्षर बोलली नाही. घरी येऊन पाहते तर देवघरामागची डबी जागेवर नाही.