त्याच किडनीवर दुसरं ऑपरेशन: युरॉलॉजी विभागाचा अनुभव

मला व्हीएचएल हा आनुवंशिक आजार आहे, म्हणजे किडनीत गाठी पुन्हा होणारच. यावेळची 3 सेंटीमीटरपर्यंत गेली, तर एका ठिकाणी थेट ‘किडनीच काढू’ म्हणाले. इथल्या सर्जनबाईंनी गाठ तेवढीच काढली. पहिल्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं असतं, रक्तस्रावाचा आणि लघवी गळण्याचा धोका जास्त, हे त्यांनी कागदावर चित्र काढून आधीच सांगितलं. गोड बोलून गुंडाळलं नाही. आणि लघवी गळलीच! ड्रेनची नळी घेऊन घरी आलो, पण गळती आपोआप थांबली. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) किंचित वाढलंय, डायलिसिस मात्र टळलं. डिस्चार्जच्या कागदपत्रांचा घोळ वैतागवाणा. पुढची गाठ आली तरी दाखवणार इथेच.