जादा बिल आलंय: सगळे पैसे थांबवावेत की मान्य तेवढे देऊन टाकावेत?

प्लंबर असो, इलेक्ट्रिशियन असो की रंगारी, ठरले होते 100 आणि बिल आलं 140, की हातात दोन रस्ते उरतात. एक, हिशेब मिटेपर्यंत काहीच न देणं. दुसरा, ज्या रकमेबद्दल वाद नाही ती लगेच देऊन फक्त वरच्या 40 वर बोलणं. आधी सगळं भरून मग परत मागणं हा तिसरा रस्ता कुणालाही सुचवणार नाही.

पैसे थांबवण्याची बाजू कमकुवत नाही. काम अर्धवट असेल, जोड गळत असेल, स्विच तापत असेल, तर कारागिराला परत आणणारी तीच एक गोष्ट असते, आणि तेव्हा थांबवावेतच. पण तो वाद कामाचा झाला, बिलाचा नव्हे.

काम नीट झालंय आणि तक्रार फक्त आकड्याची आहे, तेव्हा मात्र या रस्त्याची एक गोष्ट फार जाचते. माझा कौल फिरला तो तिच्यामुळेच. सगळं अडवलं की विषयच बदलतो. ‘हे 40 कशाचे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘माझी मजुरी कधी देणार?’ हे सुरू होतं. हाताखालच्या माणसांची रोजंदारी त्याने खिशातून दिलेली असते, सामान उधारीवर आणलेलं असतं. त्या मुद्द्यावर तो खराही असतो. जादा रकमेचा खुलासा त्याने करायचा होता, त्याऐवजी आपणच सफाई देत बसतो. आणि पुढे नळाचा वायसर गेला तरी तो फोन उचलत नाही.

मान्य रक्कम देण्यात मेहनत जास्त आहे, हे खरं. आधी बिलाचे तीन भाग करावे लागतात: ठरलेलं, आपण सांगून वाढवलेलं, न विचारता वाढलेलं. ‘इथे आणखी एक पॉइंट काढा’ असं आपणच म्हटलं असेल, तर त्याचे पैसे द्यायचेच. फार तर दरावर बोलता येईल. तिसऱ्या भागासाठी प्रत्येक बाबीचं माप, दर आणि दुकानाचं बिल लेखी मागावं. काम उक्तं, म्हणजे सगळं मिळून एका ठरलेल्या रकमेत, दिलं होतं की नुसता अंदाज सांगितला होता, यावर बरंच अवलंबून असतं. उक्त्या कामात ‘वेळ जास्त लागला’ हे कारण सहसा चालू नये.

माप स्वतः घ्यावं. बिलात वायरचं अख्खं बंडल लावलेलं असतं, भिंतीत गेलेली वायर असते त्याहून कमी. उरलेली कुठे आहे ते विचारावं. रंगाच्या मापातून दारं-खिडक्या वजा करायच्या ठरल्या होत्या का, ते पाहावं. फरशीत तुटफूट म्हणून 5 ते 10 टक्के जादा माल लागतो, तिरकी बसवली तर आणखी. तेवढ्यावर भांडू नये. पॉइंटच्या दरात फिटिंगची मजुरी धरलेली असताना ती पुन्हा वेगळी लावलेली सापडते. तासावर काम असेल तर दुकानात जाण्यायेण्याचा वेळ कुणाच्या खात्यात गेला, ते बघावं. बदललेला भाग असेल तर जुना भाग मागावा.

भिंत फोडल्यावर आत सडलेला पाइप निघाला, हे मात्र कुणालाच आधी दिसत नाही. फोटो असेल तर सामान दुकानाच्या बिलाप्रमाणे आणि त्यावर वाजवी मजुरी देणंच योग्य. आधी फोन करायला हवा होता, एवढं सांगावं.

पैसे देताना बँकेतून द्यावेत आणि सोबत निरोप पाठवावा: ‘ठरलेल्या कामाचे पूर्ण पैसे दिले, या अमुक बाबींचा तपशील मिळाला की उरलेल्याचं ठरवू.’ तपशिलासाठी तारीख द्यावी, आठवडा पुरतो. रोख दिले तर पावतीवर हेच लिहून घ्यावं. आणि वादातल्या बाबी मिटलेल्या नसताना ‘140 चं बिल मान्य’ अशा कागदावर सही करू नये.

मोठा हिस्सा हातात पडल्यावर तो उरलेल्याबद्दल गप्प बसेल, अशी शंका रास्त आहे. पण वादातली रक्कम आपल्याकडेच असते, तेव्हा गप्प बसण्यात तोटा त्याचा. बहुतेकदा तपशील येतो आणि 40 मधले काही कमी होतात.