माचू पिचूचं 'शेवटचं तिकीट' मी घेतलं, तुम्ही घेऊ नका

मी मूळची इचलकरंजीची, स्पॅनिश पुण्यात शिकले, सध्या एका सेमिस्टरसाठी पेरूची राजधानी लिमाला आहे. जुलैच्या शेवटी पेरूच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते तेव्हा रूममेटसोबत कुस्कोला, म्हणजे माचू पिचू हे इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर बघायला जिथून जातात त्या गावी, गेले होते. तिथे माझे 280 सोल (पेरूचं चलन) गेले, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे माचू पिचूच्या पायथ्याशी जाऊन मी वर न जाता परत आले. कोणी जाणार असाल तर हे जरूर वाचा.

कुस्को 3,400 मीटरवर आहे, पहिला दिवस तर डोकं धरून कोकाच्या पानांचा चहा पिण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी शहराच्या वरचा साक्सायवामान हा इंकांचा किल्ला बघितला. चुना-माती काही न वापरता एकमेकांत बसवलेले ते अजस्र दगड, सांध्यावरून हात फिरवला तर सांधा बोटाला लागतच नाही. स्पॅनिश लोकांनी तिथले उचलता येतील ते दगड शहरात घरं आणि चर्च बांधायला नेले, उरले ते फक्त हलवता न आलेले. मी दोन तास तिथेच बसून होते आणि आता काहीही करून माचू पिचू बघायचंच असं डोक्यात बसलं.

चूक इथे होती की रूममेटने तिचं तिकीट तीन आठवडे आधी ऑनलाइन काढलं होतं आणि मी ट्रेनचं काढून ठेवलं, एंट्रीचं नंतर बघू म्हणाले. जून ते ऑगस्ट हा तिथला कोरडा सीझन, गर्दी प्रचंड, मला हव्या त्या दिवशी साइटवर सगळं संपलेलं. प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत एका इमारतीच्या बोळात टेबल टाकून एक माणूस बसला होता, मागे माचू पिचूचे मोठे फोटो, गळ्यात आयकार्ड. बोलायला इतका गोड, "अमीगा, साइटवर संपलं तरी एजन्सीचा वेगळा कोटा असतो, सर्किट 2, सकाळी सहाचा स्लॉट, उल्तीमो, शेवटचं एकच आहे." सर्किट म्हणजे आत फिरायचा ठरलेला मार्ग. परदेशी माणसाला सरकारी तिकीट 152 सोलचं आहे हे मला माहीत होतं, पण शेवटचं आहे म्हणून 280 घेत असेल असं मीच मनाला समजावलं. पासपोर्टचा फोटो घेतला, कॅश घेतली, अर्ध्या तासात पीडीएफ व्हॉट्सॅपवर आली. सांस्कृतिक मंत्रालयाचा लोगो, माझं नाव, पासपोर्ट नंबर, क्यूआर कोड, सगळं जिथल्या तिथे.

आदल्याच दिवशी कुस्कोजवळच्या पिसाक गावच्या बाजारात एकाने 60 सोलला स्वेटर दाखवून शंभर टक्के बेबी अल्पाका, म्हणजे अल्पाका या प्राण्याची अगदी मऊ लोकर, म्हणून शपथ घेतली होती. मी आतून एक धागा ओढून पेटवला, वितळून कडक मणी झाला, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर केसासारखी जळते, वास येतो आणि राख हाताने चुरडते. आमच्या घरी लूम आहेत, कापड मला कळतं. त्याच बाजारात शेजारच्या आजींनी न विचारता सांगितलं की बाळा हे सिंथेटिक आहे, लोकरीचं हवं असेल तर ते बघ, पण महाग आहे. म्हणजे सगळा बाजार फसवाच आहे असं अजिबात नाही, मी त्या आजींकडूनच टोपी घेतली. पण धाग्याची केली तशी तपासणी मी त्या पीडीएफची केली नाही याचं मला अजून फार वाईट वाटतं.

ओयांतायतांबो गावाहून ट्रेनने माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालियेंतेस गावाला गेलो, तिथे गाडीरस्ता जातच नाही, ट्रेन नाहीतर पायी. पहाटे अंधारात नदीकाठाने पुलापर्यंत चालत गेलो, तिथे तिकीट आणि पासपोर्ट दोन्ही बघतात. रूममेट पुढे गेली. माझा कोड तपासला तर सिस्टीममध्ये दुसऱ्याच कोणाचं तरी नाव. दुसऱ्याच्या खऱ्या तिकिटावर माझं नाव चिकटवलं होतं. गार्ड चांगला होता, हळू आवाजात म्हणाला की असं होतं, गावात ऑफिस आहे तिथे जा. त्या ऑफिसात रोज काही तिकिटं समोरासमोर मिळतात पण ती पुढच्या दिवसांची, आणि माझी परतीची ट्रेन त्याच संध्याकाळची, शिवाय जाऊन-येऊन शंभर डॉलरच्या वर भाडं आधीच भरलेलं. रूममेट खाली येईपर्यंत मी नदीकाठी बसून रडले.

कुस्कोला परत आलो तर बोळात टेबलच नव्हतं. टुरिस्ट पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी पहिलं विचारलं पावती कुठाय. माझ्याकडे हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर रुक नाही. रुक म्हणजे तिथल्या धंद्याचा अकरा आकडी टॅक्स नंबर, तो नसेल तर तिथूनच मागे फिरा. दुसरं म्हणजे पेरूत प्रत्येक दुकानात 'लिब्रो दे रेक्लामासियोनेस', तक्रारवही, ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तशी पाटी लावावी लागते, त्या बोळात ती कुठेच नव्हती. आणि मुख्य म्हणजे माचू पिचूचं तिकीट नावावर निघतं, दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून 'माझ्याकडे एक उरलंय' असं जो म्हणतो तो खोटंच बोलतोय. मंत्रालयाच्या साइटच्या पत्त्याचा शेवट 'कुल्तुरा डॉट पीई' (cultura.pe) असा आहे, तिथूनच काढा, आणि कुठलं सर्किट ते बघून, कारण सगळ्या सर्किटांवरून सगळं दिसत नाही. शंका आली तर कुस्कोत आयपेरू म्हणून सरकारी माहिती केंद्र आहे, फुकट मदत करतात, मी पैसे द्यायच्या आधी तिथे पाच मिनिटं गेले असते तर हे झालंच नसतं.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे, पैसे आलेले नाहीत, माझ्या पासपोर्टचा फोटो अजून त्याच्याकडे आहे याची धास्ती वेगळीच. ऑक्टोबरचं तिकीट काल स्वतः काढलं, सर्किट 2, सकाळी सहा. पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवलं, मग बाबांना व्हिडिओ कॉल करून त्यांच्याकडूनही वाचून घेतलं.