न्यूज ॲपची खरी परीक्षा : १४ जुलै २०१९

साध्या दिवशी कुठलंही न्यूज ॲप चांगलंच वाटतं, दोन-चार हेडलाइन्स वाचल्या, स्कोअर बघितला, झालं. सगळं एकदम घडायला लागलं की मग कळतं त्यात किती दम आहे. म्हणून मी वापरतो त्या ॲपचा रिव्ह्यू त्या एकाच रविवारावरून लिहितोय. दुपारपासून लॉर्ड्सवर इंग्लंड-न्यूझीलंड क्रिकेट वर्ल्ड कप फायनल, संध्याकाळी विम्बल्डनची फायनल, त्याच वेळेला सिल्व्हरस्टोनची एफ-वन रेस म्हणजे ब्रिटिश ग्रांप्री, आणि मध्यरात्रीनंतर २ वाजून ५१ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-२ उडणार होतं. एका माणसाने बघायचं तरी काय काय, सगळी भिस्त ॲपवरच.

लाइव्ह पेज मात्र जबरदस्त, त्याला पैकीच्या पैकी. शेवटच्या ओव्हरला इंग्लंडला १५ हवे होते, स्टोक्स खेळत होता, आणि न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो डाइव्ह मारणाऱ्या स्टोक्सच्या बॅटला लागून थेट बाउंड्रीला गेला, सहा रन दिले. नुसता आकडा वाढलेला बघून डोकं चक्रावलं असतं, पण पळालेले दोन आणि ओव्हरथ्रोचे चार हे तिथे दोन ओळींत नीट लिहिलं होतं. नंतर माजी अंपायर सायमन टॉफेल म्हणाले की पाचच रन द्यायला हवे होते, तेव्हा ते त्याच नोंदीखाली जोडलं, जुनी ओळ गुपचूप बदलली नाही. बातमीत भर घालायची तर ती अशी उघड घालावी, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

नोटिफिकेशन्सचा मात्र पार बोऱ्या वाजला होता. मॅच टाय झाली, मग सुपर ओव्हरमध्येही दोघांचे १५-१५ झाले आणि फोनवर आलं फक्त "मॅच टाय". अरे पण कप कोणाचा? बाउंड्री जास्त म्हणून इंग्लंड जिंकलं, २६ विरुद्ध १७, हे कळायला लाइव्ह पेजच उघडावं लागलं. टेनिसचं तर विचारूच नका. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, फेडररची सर्व्हिस आणि हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट, हा अलर्ट माझ्यापर्यंत आला तेव्हा जोकोविचने दोन्ही वाचवून ब्रेकसुद्धा केला होता. चार तास सत्तावन्न मिनिटं चाललेली मॅच, विम्बल्डनची सगळ्यात लांब फायनल, शेवटचा सेट १३-१२, तिथे अलर्ट इतका उशिरा येणार असेल तर नाही आला तरी चालेल.

आणि सगळ्यात जास्त राग ज्याचा आला ते सांगतो. त्याच दिवशी हिमाचलात सोलनजवळ कुमारहट्टीला इमारत कोसळली, आत जवान अडकले होते. वाघ्याला करतारपूर कॉरिडॉरवर भारत-पाकिस्तानची बोलणी झाली. आसामात पूर होता. हॅमिल्टनने ब्रिटिश ग्रांप्री सहाव्यांदा जिंकली त्याचा अलर्ट आला, आणि ढिगाऱ्याखाली माणसं आहेत त्याचा नाही. ती बातमी होम स्क्रीनवर क्रिकेटच्या डझनभर कार्डांखाली, बोट दुखेपर्यंत स्क्रोल केल्यावर सापडली. मी क्रिकेटवेडा आहे आणि तरीही सांगतो, हा क्रम चुकीचाच आहे. मोठी मॅच असली म्हणून माणसांच्या जिवाची बातमी खाली ढकलायची नसते.

चांद्रयानच्या वेळी मात्र त्यांनी मन जिंकलं. उड्डाणाला ५६ मिनिटं राहिली असताना काउंटडाउन थांबलं, तांत्रिक अडचण एवढंच इस्रोने सांगितलं, आणि ॲपनेही तेवढंच छापलं. काय बिघडलं याचे अंदाज नाहीत, कसलं कसलं प्रश्नचिन्ह लावलेलं हेडिंग नाही. रात्री दोनला झोप टाकून थांबलेल्या माणसाला एवढीच सरळ माहिती हवी असते. पुढे २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी यान उडालं तेव्हाही लाइव्ह पेज असंच शांतपणे चाललं होतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. घ्यायचं असेल तर लाइव्ह पेजसाठी घ्या, सेटिंगमध्ये जाऊन खेळांचे अलर्ट बंद करा आणि देश-विदेशच्या बातम्यांचे तेवढे चालू ठेवा, कारण मूळ सेटिंगमध्ये ते बंदच असतात.