अक्षरगटांचा कार्डसंच आणि पहिलीतले वाचन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिलीत गेलेल्या माझ्या भाचीला संध्याकाळी वाचन शिकवण्यासाठी मी जूनपासून अक्षरगट पद्धतीचा, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाऐवजी अक्षरांचे छोटे गट करून शिकवण्याचा, एक कार्डसंच वापरत आहे. आता सांगलीच्या बाजारात द्राक्षे दिसू लागली आहेत, म्हणजे नव्याची नवलाई संपून संचाचे खरे गुणदोष कळण्याइतका काळ गेला आहे. संचात मूळाक्षरांची जाड पुठ्ठ्याची कार्डे, त्यांवर ठेवायच्या काना, वेलांटी, उकार, मात्रा यांच्या पारदर्शक पट्ट्या, चित्रकार्डे, वाक्यांच्या अरुंद पट्ट्या आणि पालकांसाठी एक पुस्तिका आहे. संचाच्या नावापेक्षा त्याच्या रचनेविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण ही रचना समजली तर असा संच घरच्या पुठ्ठ्यावरही करता येतो.

रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अक्षरांचा क्रम. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य असा तो क्रम शास्त्र म्हणून अत्यंत देखणा आहे, परंतु वाचायला बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला त्याचा तातडीने काही उपयोग होत नाही. क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरे शिकून त्याच्या ओळखीचा शब्द जवळजवळ तयारच होत नाही, आणि ङ किंवा ञ यांनी सुरू होणारा रोजचा शब्द मराठीत सापडत नाही. या संचाच्या पहिल्या गटात म, क, न, ल, र ही अक्षरे आणि सोबत लगेच काना दिलेला आहे. त्यामुळे कान, नाक, मान, लाल, कमान, मामा, काका असे शब्द पहिल्याच आठवड्यांत वाचता येतात, आणि ‘मामा’ हा शब्द स्वतः वाचला म्हणून मुलीला झालेला आनंद पुढच्या कंटाळवाण्या सरावाला पुरतो. सातारा जिल्ह्यात फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचनशिक्षणावर दीर्घकाळ काम झाले आहे. ज्यांना या विषयात खोलवर जायचे आहे, त्यांनी त्या कामाची ओळख अवश्य करून घ्यावी.

बाराखडीच्या पाठांतराला माझा विरोध नाही. मात्र चौतीस व्यंजनांची प्रत्येकी बारा रूपे म्हणजे चारशेहून अधिक रूपे होतात. ती तालात म्हणणारे मूल तक्त्याकडे पाहतेच असे नाही, आणि मधलेच एखादे ‘पो’ दाखवून विचारले तर ते ‘प’पासून पुन्हा म्हणत येते. स्वरचिन्हे एकेक करून समजल्यानंतर उजळणी म्हणून बाराखडी घेतली की तिचा चांगला उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

स्वरचिन्हांच्या पारदर्शक पट्ट्यांनी आमचे सर्वाधिक काम केले. ‘पिशवी’ हा शब्द जुळवताना भाचीने पहिली वेलांटी उचलली, ती ‘प’च्या डावीकडे ठेवली आणि विचारले, “आत्या, वेलांटी आधी हाय, मग ‘इप’ का न्हाई म्हणायचं?” प्रश्न अगदी रास्त होता. ऱ्हस्व इकाराचे चिन्ह अक्षराच्या आधी लिहिले जाते, पण उच्चार मात्र नंतर होतो. छापील तक्त्यावर ही अडचण मुलाला सांगताही येत नाही, पट्टी हातात असली की ती नेमकी दाखवता येते. वेलांटीची कमान अक्षराच्या डोक्यावरून पलीकडे जाते, म्हणून आधी अक्षर बोलायचे आणि मग कमान, एवढे सांगून मी तिला ‘प’वरून बोट फिरवायला लावले. त्याच शब्दातील ‘वी’ची दुसरी वेलांटी उजवीकडून येते, त्यामुळे दोन्ही चिन्हे शेजारी ठेवून तुलना करता आली. पुढे कित्येक दिवस ती प्रत्येक वेलांटीवरून आपणहून बोट फिरवत होती. बॅट, बॉल अशा शब्दांसाठी अर्धचंद्राची पट्टीही संचात आहे, हे मला विशेष आवडले.

आता उणिवा. उकाराची पट्टी ‘र’खाली ठेवली की जे चिन्ह दिसते ते ‘रु’ किंवा ‘रू’ नसते, कारण या अक्षरात उकार पायाशी न येता बाजूला येतो. ‘रुमाल’ आणि ‘रूप’ यांसाठी स्वतंत्र कार्डे हवी होती. ती नसल्यामुळे मी स्केचपेनने करून घेतली. त्याहून अधिक खटकलेली गोष्ट म्हणजे काही वाक्यपट्ट्यांवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे छापलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही वळणे निश्चित केली आहेत. मोठ्या माणसाला या फरकाचे काही वाटत नाही, परंतु अक्षराची ओळख नुकतीच पक्की होत असलेल्या मुलाला ते वेगळेच अक्षर वाटते. घ आणि ध, भ आणि म या जोड्यांमध्ये आधीच गोंधळ होत असतो, त्यात ही भर कशाला? संच घेण्यापूर्वी ‘लाल’ आणि ‘शाळा’ हे शब्द कसे छापले आहेत, ते पाहून घ्यावे.

चित्रकार्डांवर ऐरण, खटारा, औत अशी जुन्या तक्त्यांतली चित्रे आहेत. चित्राचे नाव मुलाला आधीच ठाऊक असेल, तरच त्या चित्रावरून अक्षराचा आवाज आठवतो. भाचीने ऐरण कधी पाहिलेली नाही, त्यामुळे मी ती कार्डे बाजूला ठेवून भ भडंगाचा, ह हळदीचा, ब बेदाण्याचा अशी कार्डे केली. ओळखीचा शब्द असला की आणखी एक अडचण सुटते. ‘चिमणी’तला च आणि ‘चमचा’तला च लिहायला एकच असले, तरी उच्चाराने भिन्न आहेत. हा भेद कोणत्याही कार्डावर दाखवलेला नसतो, पण शब्द कानावरून गेलेला असेल तर मूल उच्चार आपोआप सुधारून घेते. म्हणून कार्डांआधी रोज थोडा वेळ गप्पा, बडबडगीते आणि भेंड्या यांसाठी राखावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पुस्तिकेतील एका सल्ल्याशी मी सहमत नाही. मुलाने छापील वाक्याहून वेगळे वाचले, तर त्याला लगेच थांबवून सुधारावे, असे तीत म्हटले आहे. ‘आई भाकरी करत आहे’ ही पट्टी भाचीने चित्र पाहून “आई भाकरी करायल्या” अशी वाचली. आमच्या भागातील बोलीत हे वाक्य पूर्णपणे बरोबर आहे, आणि तिला अर्थ नेमका कळला होता. मी तिचे वाक्य तसेच कागदावर लिहिले, ते तिने वाचले, नंतर छापील वाक्य त्याखाली ठेवून दोन्हींत कोणते शब्द सारखे आहेत, ते तिने शोधले. तेव्हापासून तिच्या तोंडची वाक्ये लिहून तीच तिला वाचायला देणे हा आमच्या अभ्यासाचा ठरलेला भाग झाला आहे. संचातील वाक्यांपेक्षा ती तिला फार लवकर वाचता येतात.

संचातील वाचनसाहित्य दिवाळीपर्यंत संपले. त्यानंतर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत संकेतस्थळावरील पहिल्या स्तराची मराठी पुस्तके आम्ही छापून घेतली. एसटी स्टँडवरील पाट्याही वाचनासाठी उत्तम आहेत. ‘जत’मध्ये एकही स्वरचिन्ह नाही, ‘विटा’ आणि ‘मिरज’मध्ये पहिली वेलांटी आहे, ‘पलूस’मध्ये दुसरा उकार आहे, आणि गाडी कुठे चालली आहे, हे कळण्याची मुलांना मनापासून उत्सुकता असते.

प्रगती पडताळण्यासाठी मी मुलांना कितपत वाचता येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीतील पायऱ्या वापरते: अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीचा उतारा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये अपरिचित मजकुरातून वाचता यावीत, असे उद्दिष्ट आहे. भाची सध्या तेवढे अडखळत का होईना वाचते आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगते. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे उद्दिष्ट आहे, परंतु पहिलीतल्या मुलासमोर घड्याळ ठेवून बसणे मला योग्य वाटत नाही.

जोडाक्षरांसाठी या संचात काहीही नाही. ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधला पायाशी येणारा र आणि ‘दऱ्या’मधला र ही एकाच अक्षराची तीन रूपे आहेत, आणि सांगलीच्या मुलाला ‘द्राक्ष’ हा शब्द तर फार लवकर वाचायचा असतो. दुसरीत जाणाऱ्या मुलासाठी हा संच घेऊ नये. बालवाडीच्या शेवटच्या वर्षापासून पहिलीपर्यंत, रोज शेजारी बसून शिकवणारे मोठे माणूस घरात असेल तर जरूर घ्यावा. मूल एकट्याने कार्डे घेऊन बसले, तर पट्ट्या वाकण्यापलीकडे फारसे काही घडत नाही.