मुंबई–न्यूयॉर्क : अंतर चोख, वेळ अंदाजपंचे

दोन शहरांची नावे टाकली की त्यांच्यामधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या मोफत सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. न्यू जर्सीला मुलांकडे निघालेले आईवडील तिकीट काढण्याआधी हमखास त्यांच्याकडे वळतात. म्हणून त्यांपैकी एक सेवा, तिचे नाव न घेता, मुंबई–न्यूयॉर्क या जोडीवर तपासून पाहिली.

अंतराविषयी तक्रारीला जागा नाही. तिने सुमारे १२,५३० किलोमीटर हा आकडा दिला आणि पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर तेवढेच भरते. सोबतच्या नकाशावरील रेषा पाहून मात्र अनेकजण बुचकळ्यात पडतील, कारण ती मुंबईहून वायव्येकडे चढत अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया आणि फिनलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ पोहोचते आणि मग कॅनडावरून खाली उतरते. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास सर्वांत जवळची ठरते. एवढे दोन ओळींत समजावून सांगायला हरकत नव्हती.

वेळेचा हिशेब मात्र अगदीच ढोबळ आहे. अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागायचे, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा आणि सव्वापंधरा तास हे उत्तर जाण्यासाठी व येण्यासाठी सारखेच द्यायचे, अशी ही पद्धत आहे. विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे उत्तर गोलार्धात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे विनाथांबा विमानाला न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि परतताना त्यांतले दीड-दोन तास वाचतात. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली, तेव्हा अंतर सुमारे १५,००० किलोमीटरपर्यंत वाढूनही वाऱ्याच्या पाठबळामुळे वेळ कमी झाला. अशा गोष्टी भागाकारात बसत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि त्यांना वळसा घ्यावा लागला, याचीही या सेवेला गंधवार्ता नाही.

पुणे–न्यूयॉर्क विचारले तरी ती त्याच आत्मविश्वासाने आकडा देते. पुण्याहून तेथे थेट विमान नाही आणि सहार विमानतळ गाठण्यासाठीच द्रुतगती मार्गावर तीन-चार तास मोडतात, हे पुणेकराने स्वतःच मिळवायचे.

सर्वांत खटकणारी त्रुटी स्थानिक वेळेची आहे. न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असल्याचे येथे बाराही महिने दाखवले जाते. प्रत्यक्षात मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असतात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडील आईवडील मोठ्या संख्येने निघतात तेव्हाच, या आकड्यावर विसंबून उतरण्याची वेळ काढली तर विमानतळावर घ्यायला येणाऱ्याचा एक तास चुकतो. प्रवासाची तारीख विचारणारा एक रकाना वाढवला असता, तर हा घोळ सहज टळला असता.